मेंढीचं मेंढ्यालाच कळतं

माझ्या माहेरच्या मेंढरांच्या वाड्यावर मादीची पारख बायकांकडे आणि नराची पुरुषांकडे, अशी वाटणी होती. कुणी ठरवून केलेली नव्हती, कामातून आपोआप पडलेली होती. फलटण तालुक्यातलं आमचं गाव. दिवाळी झाली की घोड्यांवर संसार लादायचा, भोरवरून वरंधा घाट उतरून महाडच्या बाजूला जायचं, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत मेंढरं बसवायची, त्याबदली धान्य घ्यायचं आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा देशावर यायचं. पुरुष दिवसभर मेंढरांमागं. बायका घोडी हाकत पुढच्या मुक्कामाला जाणार, तळ टाकणार, आणि ज्यांना चालता येत नाही अशी सगळी कोकरं त्यांच्या ताब्यात. त्यामुळे चरताना, भांडताना, माजावर असताना जनावर कसं वागतं ते पुरुषांनी पाहिलेलं. आणि विताना, पाजताना, रात्री वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत बसल्यावर कसं वागतं ते बायकांनी. दोघांचं ऐकलं तर वाटावं, ही दोन वेगळी जनावरं आहेत. मला तर अजूनही तसंच वाटतं.

आमची मेंढरं दख्खनी. नराला शिंगं, मादी बोडकी. शहरातल्या माणसाला एवढाच फरक दिसतो, आणि उरलेल्याला तो ‘मेंढरं’ म्हणून मोकळा होतो.

पोरांकडं कोकरांची राखण असायची, म्हणून माझं पहिलं शिक्षण तिथं झालं. अंधारात कोकरू नर की मादी हे आम्ही ते मुतताना ओळखायचो. मादी मागचा भाग खाली घालून बसकण मारते, नर उभ्यानंच, पाठ जरा ताणून. याच्यावर आमच्या पैजा लागायच्या. दोन-तीन आठवड्यांची झाली की खेळातही फरक दिसायला लागतो. संध्याकाळी उन्हं उतरली की कोकरांना एकदम वारं शिरतं. माद्या पळतात, उड्या मारतात, बांधावर चढतात-उतरतात, एकीमागं दुसरी. नरही पळतात, पण मध्येच त्यांना डोक्याला डोकं लावायचं सुचतं. शिंगांच्या जागी नुसत्या गाठी, तरी मागं सरून धडक. आणि एकमेकांच्या पाठीवर चढणं. हे चढणं नरांत इतकं असतं की आम्हा पोरींना हसू यायचं आणि आजी आम्हाला दुसऱ्या कामाला पिटाळायची.

दिवसातली खरी मोठी घटना म्हणजे संध्याकाळ. मेंढरं लांबूनच ओरडत यायची. कास भरलेली असते, दिवसभर पिल्लू पाहिलेलं नसतं. इकडे कोकरं ओरडतात. शंभर-दीडशे आया आणि जवळपास तेवढीच पिल्लं एका शेतात मिसळली की जो गलका होतो, त्यात माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण घटकाभरात सगळं शांत. प्रत्येक कोकरू आपल्या आईच्या सडाला. आई लांबून आवाजावर येते, जवळ आली की कोकराच्या शेपटीखाली नाक लावते, आणि तिथं पक्कं ठरतं. आपलं असेल तर पाय रुंद करून उभी राहते. परकं असेल तर डोक्यानं असं उडवते की ते चार हात लांब जाऊन पडतं. मेंढी गरीब असते म्हणणाऱ्यांनी हे बघावं. दुसऱ्याच्या भुकेल्या लेकराला ती दुधाचा थेंब देत नाही.

या गलक्यात मेंढे कुठं असायचे? कुठंच नाही. कोपऱ्यात रवंथ करत बसलेले. कुठलं कोकरू आपलं याची त्यांना खबर नाही आणि गरजही नाही. कोकरू त्यांच्या अंगावर चढून गेलं तरी ते ढिम्म. मेंढा पिल्लाला सहसा मारत नाही, तेवढीच त्याची माया.

विण्याचा हंगाम आमच्याकडे साधारण कार्तिक-मार्गशीर्षात. मेंढी पाच महिने गाभण राहते, आणि आषाढात फळलेली ऐन वाटचालीत विते. एरवी कळप सोडून दहा पावलंही न जाणारी मेंढी त्या दिवशी मागं राहते. जमीन उकरते, गोल फिरते, जमिनीचा वास घेते, उठते, बसते. याच काळात काही मेंढ्या एक विचित्र गोष्ट करतात. स्वतः अजून व्यायच्या असतात, पण शेजारी दुसरी विली की तिचं ओलं कोकरू चाटायला लागतात, हुंगतात, तोंड न उघडता घशातल्या घशात बोलावतात, आणि चक्क घेऊन निघतात. खरी आई पहिलटकरीण असली तर गोंधळून बाजूला उभी राहते. मग चोरटी स्वतः विली की तिला आपलं खरं पिल्लू दिसतं, आणि चोरलेलं तिथंच टाकून ती मोकळी होते. त्या टाकलेल्याला कुणीच वाली उरत नाही. आजी अशा मेंढीच्या कानाला लाल दोरा बांधून ठेवायची आणि पुढच्या वर्षी विण्याआधी तिला वेगळी काढायची.

मेलेल्या कोकराची आई आणि आई मेलेलं कोकरू, यांची गाठ घालून देणं हे आजीचं खास काम. मेलेल्या कोकराचं कातडं काढून पोरक्याच्या अंगावर झबल्यासारखं चढवायचं, ही एक रीत. मेंढी हुंगते, वास आपला लागतो, पाजते. चार-पाच दिवसांनी कातडं काढायचं. तोवर तिचंच दूध पिऊन कोकराला तिचा वास लागलेला असतो. पण आजीला त्याहून आवडायचं ते म्हणजे विताक्षणी काम उरकणं. एखादी मेंढी वितेय, पिल्लू मेलेलं निघालंय असं दिसलं की ती पोरकं कोकरू तिथल्या तिथं त्या पाण्यात, चिकट्यात घोळून मेंढीच्या तोंडापुढं सरकवायची. “आत्ता न्हाई घेतलं तर उद्या घ्यायची न्हाई,” एवढंच तिचं म्हणणं.

माझी मुलगी शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिच्याकडून मला कळलं की आजीचं ‘आत्ता’ म्हणजे नेमकं काय. इंग्लंडात केंब्रिजजवळ बाब्रहम म्हणून संस्था आहे. तिथं कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. पिल्लू बाहेर येताना मार्गावर जो ताण पडतो, त्यानं मेंढीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सुटतं, आणि पुढचे थोडे तास तिचं मन नव्या वासाला उघडं असतं. जो वास त्या वेळात चाटला तो तिचा. नंतर दार बंद. याच केंड्रिक यांनी 2001 साली असंही दाखवलं की मेंढरं पन्नास मेंढरांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त लक्षात ठेवतात. मुलीनं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. माझ्या सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “आन् आपल्याला वळखत न्हाईत व्हय? नव्या माणसानं वाघरीत पाय टाकून बघावा की.”

आता मेंढ्याकडं येते. लहानपणी मी त्याला लांबूनच पाहिला, पण लग्नानंतर आम्ही बंदिस्त मेंढीपालन सुरू केलं, नवरा टेम्पो चालवतो, आणि मेंढ्याला वैरण टाकायला मलाच जावं लागतं. त्यामुळे पुरुषांच्या वाटणीचं ज्ञान मला उशिरा आणि जरा घाईनं मिळवावं लागलं.

वर्षातले बरेच महिने मेंढा म्हणजे अंगानं मोठं, लोकरीनं राठ असं एक शांत जनावर. चार मेंढे असले तर ते चरताना जवळजवळ राहतात. पावसाळा लागला की मात्र पालटतो. अंगाला उग्र वास सुटतो. खाणं कमी होतं. प्रत्येक मेंढीच्या मागं जाऊन हुंगतो. ती मुतली की त्या जागी नाक नेतो, मग मान वर करून वरचा ओठ दुमडतो, दात दाखवत क्षणभर तसाच थांबतो. बघणाऱ्याला वाटतं हसतोय. तो खरं तर वास टाळूतल्या एका बारीक इंद्रियाकडं ओढून घेत असतो आणि मेंढी तयार आहे की नाही ते तपासत असतो. नसेल तर पुढची. असेल तर मान खाली लांबवून तिच्या कुशीला लागतो, पुढच्या पायानं तिला टोचतो, आणि घशातून एक खोल घर्रघर्र काढतो. हा आवाज त्याचा इतर वेळी ऐकायला मिळत नाही.

मेंढीचं सगळं उलट. गाय माजावर आली की गावाला कळतं. हंबरते, दुसऱ्या गायींवर चढते, दूध चोरते. मेंढी यातलं काही करत नाही. ओरडत नाही, दुसऱ्या मेंढीवर चढत नाही. साधारण सतरा दिवसांनी एकदा तिला माज येतो, दिवस-दीड दिवस टिकतो आणि जातो. कळपात मेंढा नसेल तर जन्म मेंढरांत काढलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही. मेंढा असला की मग लक्ष देऊन बघणाऱ्याला दिसतं: ती चरता चरता त्याच्या बाजूला सरकते. शेपटी भराभर हलवते. तो जवळ आला की पळत नाही, उभी राहते आणि मान वळवून मागं बघते. संपलं. लोक समजतात मेंढा मेंढीला शोधतो. पण आपल्या पायानं त्याच्याकडं जाणाऱ्या मेंढ्या मी पुष्कळ पाहिल्यात, आणि दोन मेंढे असतील तर बहुतेक जणी एकाच्याच भोवती घुटमळतात. दुसरा बिचारा धावत असतो.

बंदिस्तात एक सोय आहे, ती वाड्यावर नव्हती. नर वेगळे ठेवता येतात. महिना-दीड महिना मेंढ्यांना मेंढा दिसू द्यायचा नाही, त्याचा वासही लागू द्यायचा नाही, आणि मग एकदम आणून सोडायचा. थंडावलेल्या मेंढ्यांचंही चक्र त्या वासानं सुरू होतं, आणि बऱ्याच जणी थोड्या दिवसांच्या अंतरानं फळतात. म्हणजे वितातही जवळजवळ, राखण सोपी होते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, हे ऐकून म्हणाले, “आमी मेंढा दुसऱ्याच्या वाड्यावरनं आनायचो तवा असंच व्हायचं. नव्या मेंढ्याचा पायगुन म्हनायचो.”

मेंढ्यांची भांडणं हा पुरुषांचा आवडता विषय. बोकड भांडताना मागच्या पायांवर उभा राहतो आणि वरून डोकं आणतो. मेंढा तसं करत नाही. तो पावलं मोजल्यासारखा मागं सरतो, मान खाली घालतो, आणि सरळ रेषेत धावत येऊन आदळतो. त्या आवाजानं पोटात कालवतं. शिंगं मोठी असणारा बहुधा जिंकतो आणि एकदा निकाल लागला की बराच काळ दोघं गुण्यागोविंदानं राहतात. पण लोकर कातरली की कधी कधी सगळं पहिल्यापासून. अंगावरची लोकर गेली, रूप आणि वास बदलला, की कालचा सोबती आज परका. आबांचा उपाय साधा होता. गावाकडं घराच्या मागं दगडी भिंतीचा एक अरुंद कोपरा होता. नवा-जुना मेंढा रात्रभर तिथं दाटीवाटीनं कोंडायचे. मागं सरायला जागाच नाही, तर धडक कसली मारणार? ढकलाढकली करून दमतात, एकमेकांचा वास अंगाला लागतो, सकाळी बाहेर काढले की निम्मी रग उतरलेली. मी आता लोखंडी जाळीच्या खणात तेच करते. टकरी लावून पैसे खेळणारे लोक आमच्या भागात होते आणि चोरून आजही असतील. जनावरांना झुंजवणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो कायदा नसता तरी फुटलेल्या कपाळाचा मेंढा ज्यानं एकदा सांभाळलाय त्याला ती करमणूक वाटणार नाही.

मेंढीही मारते, पण कारण असलं तर. पिल्लाजवळ कुत्रं आलं की पुढचा पाय जमिनीवर आपटते. एकदा, दोनदा. कुत्रं हटलं नाही तर डोकं खाली. गव्हाणीवर जागेसाठी ढोसाढोशी चालते, तीही तेवढ्यापुरती. बाटलीवर वाढवलेली मादी मोठी झाली की फार तर पायात पायात येते, पदर चावते, घरात घुसते. बाटलीवर वाढवलेला नर ही वेगळी भानगड आहे. त्याला माणसाची भीती नसते आणि माणूस त्याला आपल्यातलाच वाटतो. म्हणजे भांडायला लायक. त्यातून पोरं कौतुकानं त्याच्या कपाळावर हात ठेवून ढकलतात, आणि तोही ढकलतो, सगळे हसतात. ते कपाळावर दाबणं म्हणजे मेंढ्याच्या भाषेत आव्हानच. आमच्या शेजारी एक असा लाडोबा होता. दीड वर्षाचा झाल्यावर त्यानं घरातल्या म्हाताऱ्याला मागून उडवलं, माकडहाड दुखावलं, म्हातारा पुढं कित्येक दिवस पालथा झोपला. मेंढा विकला गेला. त्याचा गुन्हा एवढाच की पोरांनी शिकवलेलं तो विसरला नाही. आमच्याकडे नियम आहे, हनुवटीखाली खाजवा, कपाळाला हात नाही. आणि मी खणात गेले की पाठ त्याच्याकडं करत नाही, टोपली मध्ये धरते.

एक समज मात्र मला कायम खटकतो, तो म्हणजे मेंढा कळपाचा म्होरक्या असतो हा. शाळेच्या पुस्तकात, चित्रांत शिंगवाला पुढं आणि बाकीच्या मागं. घाटात मी असं कधी पाहिलं नाही. पुढं असायची एखादी वयस्कर मेंढी, जिनं ती वाट आधी अनेकदा तुडवलेली आहे, नाहीतर दुधासाठी ठेवलेल्या शेळ्यांपैकी एक. ओढ्याला पाणी असलं की सगळी मेंढरं काठावर थबकायची. शेळी किंवा ती म्हातारी मेंढी पाण्यात शिरली, की तिच्या मुली, मुलींच्या मुली असा लोंढा मागं. मेंढ्या आयुष्यभर आपल्या आईच्या आसपास चरतात, वाट आईकडून लेकीकडं जाते. नर कापायला, विकायला जातात, एखाद-दुसरा राहतो, तो कळपाच्या मध्ये कुठंतरी, आणि हंगाम असेल तर वाटेकडं नव्हे, भलतीकडंच बघत. रानटी मेंढरांतही हेच आहे म्हणे. हंगाम सोडला तर नर आपापली टोळी करून वेगळे हिंडतात आणि माद्या-पिल्लं वेगळी.

दोन वर्षांपूर्वी आम्ही जतच्या बाजूनं एक माडग्याळ मेंढा आणला. उंच, पोपटासारखं बाकदार नाक, बघत राहावा असा. पण मेंढ्यांकडं ढुंकून बघेना. दुसऱ्या मेंढ्याच्या मात्र मागं मागं. त्याच्याच कुशीला लागायचा, त्याच्यावरच चढायचा. ह्यांनी खुराक वाढवला, औषध पाजलं, काही फरक नाही. मुलीनं सांगितलं की अमेरिकेत ओरेगॉनमध्ये चार्ल्स रोसेली या शास्त्रज्ञांनी यावर काम केलंय. शंभरात आठेक मेंढे असे असतात, त्यांच्या मेंदूतला एक भागच वेगळ्या मापाचा असतो, त्यात आजार काही नाही. आबांना फोनवर बिचकत बिचकत सांगितलं, तर त्यांना यात काही नवल वाटलं नाही. “असतात एखादं. लोकर तर देतोय न्हवं?” माडग्याळीला लोकर फारशी नसते, हे मी त्यांना बोलले नाही.

सध्या गोठ्यात फलटणच्या निंबकर संशोधन संस्थेतून आलेल्या नारी सुवर्णा मेंढ्याही आहेत. बंगालच्या गरोळ मेंढीचा जनुक दख्खनीत आणून तिथं हे वाण तयार केलं, आणि त्यामुळे जुळी होतात. जुळ्यांनी आईचं काम बदलतं. पहिलं कोकरू चाटून होईस्तोवर दुसरं बाजूला पडलेलं, आणि नवखी मेंढी एकाला घेऊन चालू लागते. तिला दोन्ही पिल्लांसह दोन दिवस लहान खणात ठेवलं की दोघांचा वास बसतो. जाणती मेंढी मात्र दोन्ही कासेला लागल्याशिवाय दूध सोडत नाही. एकटं आलं तर पुढं सरकते आणि दुसऱ्याला हाक मारते.

अशाच एकीचा नर यंदा बकरी ईदच्या आधी व्यापाऱ्याच्या नजरेत भरला. त्यानं दात बघितले, पाठीवर अंगठा दाबला, शिंगं हातानं मापली आणि आकडा सांगितला. आकडा चांगला होता. मुलगी म्हणाली, “आई, देऊन टाक, एवढे कुणी देणार नाही.” ओसरीवरून सासूबाईंनी विचारलं, “कुन्या मेंढीचा गं त्यो?”

“ती काळ्या तोंडाची, आत्या. एकटं पाजत नाही ती.”

“मंग पैदाशीला ठेव. दुसरा दे त्याला.”

व्यापारी हसला, म्हणाला, मावशी, मी नर घ्यायला आलोय, त्याच्या आईचं काय करू. त्यानं दुसरा नेला, थोडा पाडून. हा आता माझ्याकडं आहे, हनुवटीखाली खाजवून घेतो, आणि आषाढ यायच्या आतच ओठ दुमडायला लागलाय.